चार बोटांचा पट्टा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ही वही मराठीत लिहायचं कारण एवढंच की इथं मध्य प्रदेशात, बालाघाटात आमच्या घरी ती कोणी वाचणार नाही. हे हिंदी शाळेत शिकले. मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. माझ्या सासूला, गोदाबाईला, मी आत्या म्हणते. तिला अक्षरओळख नाही. मी तुमसरच्या शाळेत बारावीपर्यंत मराठीतून शिकले, ते आता वहीपुरतं उरलं आहे.

आज दुकान सुरू झालं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिलाई मशीन, काचेचं एक कपाट, उभा आरसा आणि मधे जाड पडदा. वीस वर्षं ब्लाउज आणि परकर शिवते आहे, आता आतले कपडेही ठेवणार. हे उकव्याला खाणीत कामाला असतात, रविवारी घरी येतात. त्यांनीच खिळे ठोकून ‘केवळ महिलांसाठी’ अशी पाटी लावली आणि मग म्हणाले, “लोक काय म्हणतीन? राजेंद्रची बायको बॉडी-निक्कर विकून राह्यली.”

मी म्हटलं, “बाजारात माणसं विकतात ते चालते ना?”

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “विकू दे तिले. बाईची अडचण बाईलेच समजते.”

लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या बाजूनं ती पहिल्यांदा बोलली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाच बायका आल्या. त्यातली एक चाळिशीची, शाळेत स्वयंपाक करणारी. बाजारात दुकानदार ‘कौन सा नंबर’ विचारतो तेव्हा ती ‘बीच का दे दो’ म्हणून पिशवीत कोंबून घरी येते. छत्तीस-अडतीसचं अंग आणि घातलेली बॉडी चौतीसची. खांद्यांवर पट्ट्यांनी खाचा पाडलेल्या. मी छातीखालून फीत फिरवली, वरून फिरवली, मापाची दिली. ती पडद्याआडून बाहेरच येईना. म्हटलं, बाई, लहान होते का?

“नाही व. श्वास घेऊन राह्यली.”

एवढ्या एका वाक्यासाठी दुकान काढलं असं वाटलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मी नवा परकर काढला आहे. इथल्या बायका परकराला साया म्हणतात. नेहमीच्या परकराच्या नेफ्यात नाडा असतो, बारीक दोरीच. साडीचा सगळा भार त्या दोरीवर येतो आणि दोरी कमरेत रुतते. माझ्या परकराला नेफाच नाही. चार बोटं रुंद दुहेरी कापडाचा पट्टा, बाजूला तीन हूक, मागे थोडं रबर. दिवसभर घालून पाहिला, साडी तसूभर सरकली नाही.

माझा सोडला तर पहिला आत्यासाठी शिवला. सहा कळ्यांचा, पांढरा पॉपलिन. तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ पट्ट्यावरून अंगठा फिरवत बसली.

“घालून पाहा ना, आत्या. कमी-जास्त असेल तर इथंच उसवते.”

“मागून पाहीन.”

“आत्ताच पाहा. पडदा ओढते.”

तशी तिनं घडी करून माझ्या मशीनवर ठेवला. “मले काय करा लागते नवा? साठ वर्सं झाले नाडा बांधून राह्यली. हे हूक-बीक मले जमत नाही, बाई.”

तरी मी तो नेऊन तिच्या खाटेवर ठेवला. धानाच्या रोवणीला जायची तेव्हा ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून नाडा असा आवळायची की सांजेपर्यंत चिखलात वाकूनही काही सुटायचं नाही. आता रोवणीला जाणं थांबून चार वर्षं झाली, तरी तसाच आवळते. हल्ली तर आणखी वर, बरगड्यांच्या खालीच बांधते. विचित्र दिसतं. सांगितलं तर ऐकत नाही. पाटी लावली तेव्हा माझ्या बाजूनं बोलली म्हणून मीच हुरळून गेले.

सोमवार, ३ मार्च

प्रियंका नावाची मुलगी आली. खाजगी दवाखान्यात नर्स आहे, मे महिन्यात लग्न, सासरी रोज साडी. “आंटी, साड़ी में मेरा दम घुटता है,” म्हणाली. साडी कधी गळा धरत नाही, आतलं चुकलेलं असतं. तिला समोर उभी करून सगळं सांगितलं. परकर घोट्याच्या दोन बोटं वर. उन्हाळ्यात सुतीच, साटनमध्ये घाम मुरतो. निक्कर सुती, रबर बोट घालून सैल झालं पाहिजे. परकर बसून पाहायचा, कारण बसल्यावर पोट दोन बोटं वाढतं. नाड्याचाच घालायचा असेल तर श्वास सोडून बांधायचा नाही, भरून घेऊन बांधायचा. गाठ रोज एकाच जागी नको. निऱ्या एकदम नाभीवर न खोचता थोड्या खाली खोचल्या तर चालताना ओढत नाहीत. तिनं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

या महिनाभरात पंचवीस-तीस कमरा पाहिल्या असतील. जवळपास प्रत्येकीला नाड्याचा काळा वळ. काहींची सालं निघालेली. प्रियंका म्हणाली की हे हलकं घ्यायचं नाही, कुणाकुणाची जखम होऊन बसते आणि भरतच नाही. बरं झालं समजलं. आता प्रत्येकीला सांगेन.

दुपारी आत्या पडद्याशी येऊन उभी राहिली.

“तू त्या बायकांले कमरेले हात लावून पाहतेस का व, जोसना?”

“मापासाठी लावावा लागतो.”

“अन् एखादीले तिथं काही असन त? किळस नाही येत तुले?”

दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली. त्यांच्यासमोर माझ्या कामाला नावं ठेवते आहे असं वाटून मला राग आला. म्हटलं, “कामाची कसली किळस? तुम्ही आत जा, आत्या. बायका संकोचतात.”

गेली.

शनिवार, २२ मार्च

मागच्या आठवड्यात आत्याला जुनं मांजरपाट पाहिजे होतं. मऊ, धुतलेलं. वाकळ शिवते म्हणाली. दोन पिशव्या भरून तुकडे दिले. आज पुन्हा मागितलं. वाकळ काही दिसली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “हळूहळू होते.”

कपडेही हल्ली स्वतःच धुते, मागच्या अंगणात, मी उठायच्या आधी. परकर दोरीवर वाळत घालून वरून साडी पसरते. माझ्या हातचं धुणंही तिला चालेनासं झालं.

ब्लाउज तिला मोठे होत चालले आहेत. तीन ब्लाउजांना दोन्ही बाजूंनी टीप मारून दिली. म्हातारपण, दुसरं काय.

सोमवार, १४ एप्रिल

आज जयंती. वॉर्डातल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत मिरवणुकीला निघाल्या. त्यातल्या अकरा जणींच्या अंगात माझे पट्ट्याचे परकर होते. शेजारची मैनाबाई भाजी विकते, दिवसभर उकिडवी बसते. ती म्हणाली, “जोसनाबाई, तुह्या सायात बसा-उठाले मोकळं लागते.”

आत्या आली नाही. आमच्या लग्नापासून एकही चौदा एप्रिल तिनं चुकवलेला नाही. एकदा तर पायाला प्लास्टर असताना रिक्षात बसून आली होती. आज म्हणाली, “एवढं चालनं होत नाही.” विहारातून परत आले तेव्हा पांढरी साडी नेसून एकटीच दारात बसली होती. म्हणजे नेसली होती. मग यायला काय झालं होतं?

रविवार, २७ एप्रिल

चार दिवस आतल्या खोलीत वास येतो आहे. उंदीर मेला असावा. आज हे घरी होते म्हणून लोखंडी पेटी ओढली, धान्याची कोठी हलवली, फळीवरची भांडी खाली काढली. काही सापडलं नाही. घामानं निथळत आम्ही दोघं कोपरे हुंगत फिरत होतो आणि आत्या उंबऱ्यावर मांडीत हात घेऊन पाहत होती.

हे म्हणाले, “माय, तुह्या बाजूनच येऊन राह्यला वास. तुले येत नाही का?”

“मेला असन कुठं,” ती म्हणाली. “निघून जाइन वास.”

संध्याकाळी तिनं आपली खाट अंगणात नेली. आत उकडते म्हणाली. खोली फिनेलनं धुतली, आता वास कमी आहे.

यांनी उकव्याच्या बाजारातून कसलीशी साल आणली. तिनं मागवली होती, गुडघ्यांसाठी. उगाळून लावते. सगळ्या कपड्यांना पिवळे डाग पडले आहेत.

रविवार, ११ मे

आज मी बोलू नये ते बोलले. लिहून ठेवते म्हणजे मन जरा हलकं होईल.

मैनाबाई ब्लाउज शिवायला टाकायला आली. पडद्याआड साडी नीट करायला तिनं निऱ्या सोडल्या तेव्हा अंगातला परकर मी लगेच ओळखला. पांढरा पॉपलिन, सहा कळ्या, हुकांजवळ माझा निळा धागा. म्हणाली, गोदाबाईनं दिला, नवाच आहे म्हणून.

ती गेल्यावर मी अंगणात गेले. “मी तुमच्यासाठी शिवलेला तुम्ही लोकांना वाटता?”

“तिले कामाचा होता. दिवसभर बसते ते.”

“आणि तुम्हाला माझ्या हातचं चालत नाही. धुणं चालत नाही, शिवणं चालत नाही. सगळ्या बालाघाटला माझं काम आवडते, घरात सोडून. नसेल पटत तर तसं सांगा तरी.”

ती काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलं होतं तिनं. तेवढ्यात हे मधे आले, “मायले काहून बोलतेस,” आणि मी आत निघून गेले. रात्री जेवायला ताट नेलं तर तिनं गपचूप घेतलं. अर्धं तसंच ठेवलं.

मला वाईट वाटतंय, पण माफी मागणार नाही. दर वेळी मीच का?

मंगळवार, ३ जून

काय लिहू.

सकाळी न्हाणीत आदळल्याचा आवाज आला. आत्या भिंतीला टेकून पडली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. मैनाबाईला हाक मारून दोघींनी खाटेवर आणली. ओली साडी काढली. परकराला हात लावला तर तिनं माझं मनगट धरलं. तापात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मग स्वतःच सोडलं. म्हणाली, “दार लाव, बाई.” मैनाबाईला बाहेर जायला सांगून मी दार लावलं.

नाड्याच्या खाली मांजरपाटाच्या पाच-सहा घड्या होत्या. मी दिलेले तुकडे. शेवटची घडी कातडीला चिकटलेली, कोमट पाणी सोडत सोडत काढली. उजव्या कमरेवर, जिथं ती गाठ बांधायची नेमकी तिथं, तळहाताएवढी जखम. मधे खोल, कडा फुलकोबीसारख्या वर आलेल्या. खाली जांघेत सुपारीसारख्या गाठी हाताला लागल्या. वास तोच. ज्यासाठी आम्ही पेट्या ओढल्या, कोठी हलवली.

ती डोळे मिटून पडली होती. तोंडावर पदर घेतला होता.

“केव्हापासून?”

“झाले तीन-चार वर्सं. आंधी बारीक होतं.”

बुधवार, ४ जून

गोंदिया. डॉक्टरांनी पाहिलं आणि हातमोजे काढले. नागपूरला न्या म्हणाले.

सोमवार, ९ जून

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टरीणबाई मराठी आहेत, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आत्याला विचारलं, “आजी, साडी कुठं बांधायच्या तुम्ही? दाखवा.” आत्यानं बोट ठेवलं. त्या मला बाहेर घेऊन आल्या. म्हणाल्या, नाडा रोज त्याच जागी घासतो, कातडी फाटते, भरायच्या आत पुन्हा घासतो. वर्षानुवर्षं न भरलेल्या अशा जखमेचा कधी कधी कॅन्सर होतो. सगळ्यांचा होत नाही. वेळेवर आली असती तर सैल कपडा आणि मलम एवढंच लागलं असतं.

मग विचारलं, “तुम्ही काय करता?”

मी सांगितलं नाही. घरीच असते, म्हटलं.

शनिवार, २१ जून

रिपोर्ट आला. तोच आजार. जांघेतल्या गाठींतही आहे.

हे आठ दिवसांच्या रजेवर आले आहेत. रिपोर्ट हातात धरून स्टेशनच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, “तू साऱ्या गावाच्या कमरा मोजत राह्यली. माह्या मायची नाही पाह्यली.”

मी म्हटलं, “साल तुम्ही आणली.”

 गाडीत ते खिडकीकडे तोंड करून रडले. मला रडूही आलं नाही.

घरी आल्यावर आत्याची पेटी उघडली, दवाखान्यात न्यायला कपडे पाहिजे होते. सात जुने परकर. साती मी शिवलेले. नेफ्यात बारीक, करकरीत वळलेला नाडा. जाड नाडा सरकतो म्हणून बारीकच घालायचा, हे मला तुमसरच्या शिवणबाईंनी शिकवलं होतं आणि मी वीस वर्षं तेच केलं. किती बायकांना शिवून दिले असतील, मोजता येत नाही. सातही नाडे ओढून काढले. काढून काय उपयोग आता.

मंगळवार, ८ जुलै

ऑपरेशन झालं. कमरेचा मोठा भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. साडेचार तास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिसलं तेवढं काढलं आहे. ‘दिसलं तेवढं’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा उलटून पाहते आहे.

आत्याला वॉर्डात पातळ गाऊन घातला आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कमरेला काही बांधलेलं नाही. शुद्धीवर आल्यावर तिचे हात पोटावर काहीतरी शोधत होते. मी विचारलं काय पाहिजे. “सुटलं वाटते,” म्हणाली.

शनिवार, २ ऑगस्ट

घरी येऊन चार दिवस झाले. दुकान उघडलं. तीन दिवसांत कोणी आलं नाही. मग मैनाबाईनं सांगितलं की वॉर्डात बायका म्हणतात, जोसनाच्या घरी तो आजार आहे, तिच्या हातचे कपडे अंगाला लावू नका. काही जणींनी पट्ट्याचे परकर काढून ठेवले आणि परत नाड्याचे घालतात.

मी ओरडून सांगावं का, की असा लागत नाही तो? कुणाला सांगू? ज्या बाईच्या घरातच झाला तिचं कोण ऐकेल? आणि खरं सांगू का, मला स्वतःलाही आता कुणाच्या अंगाला फीत लावायची हिंमत होत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

पट्टी बदलताना आज विचारलं. इतके दिवस विचारायचं टाळत होते.

“आत्या, मला का नाही सांगितलं?”

ती वर आढ्याकडे पाहत होती. “तू कामात राहे ना, बाई.”

“कामात असले तरी पडद्याआडच होते ना? चार पावलांवर.”

“हौ. चार पावलांवरच.” मग माझ्या हातातल्या कापसाकडे पाहून म्हणाली, “तुले किळस नाही येत.” विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.

मी पट्टी बांधली. माझ्या मनात तेच घोळतंय. एवढ्या बायका परक्या असून पडदा ओढून दाखवतात आणि ही घरातली असून एकदाही माझ्याकडे आली नाही. एकदा, एका शब्दानं विचारलं असतं तरी मी सगळं टाकून पाहिलं असतं. तिला मी एवढी परकी का वाटले, ते मला आयुष्यभर कळणार नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

जांघेत पुन्हा गाठ. उजवा पाय सुजून खांबासारखा. नागपूरला दाखवून आणलं. मशीनचा शेक, रेडिएशन, देता येईल, पण अंगात ताकद नाही. डॉक्टरीणबाईंनी दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या आणि “घरी आरामात ठेवा” म्हणाल्या. ह्यांना अर्थ कळला नाही, ते परत कधी आणायचं विचारत होते. मला कळला होता.

शनिवार, २७ सप्टेंबर

दिवसातून दोनदा पट्टी. तिच्यासाठी जुन्या सुती साडीचे सैल अंगरखे शिवले, पुढून उघडे, कमरेला काही नाही. मशीन एवढ्यापुरतंच चालतं.

आज विहारातल्या बायका भेटायला येणार होत्या, त्याआधी तिनं मला हळूच सांगितलं, “मले साडी नेसव. असं गाऊनात कोणाच्या पुढे नाही बसत.” नेसवता येणार नव्हती. पाय हलवला तर ती कळवळते. मी तिची पांढरी साडी छातीपासून पायापर्यंत पसरली, निऱ्या घालून पोटावर नुसत्या ठेवल्या आणि पदर खांद्यावरून डोक्यावर घेतला. बायकांना वाटलं नेसलेलीच आहे. तासभर बसल्या. आत्या त्यांच्याशी पेरीव धानाचं बोलली, कोणाच्या सुनेला दिवस गेले ते विचारलं. तिचा चेहरा बरा दिसत होता.

त्या गेल्यावर म्हणाली, “कोनाले समजलं नाही.”

“नाही समजलं, आत्या.”

“तुले साडी चांगली नेसवता येते.”

 साडी काढून घडी घातली.

रविवार, १२ ऑक्टोबर

पाण्याव्यतिरिक्त काही घेत नाही. हे खाटेजवळच असतात. आज ते मला म्हणाले, “स्टेशनवर मी तसं बोलाले नव्हतं पाहिजे.” मी म्हटलं, खोटं काय बोललात. खरंच, मला त्यांचा राग नाही. दुसरं कोणी तसं म्हणालं नसतं तरी मी स्वतःला तेच म्हटलं असतं.

आत्या ह्यांना ‘दादा’ म्हणून हाक मारते. दादा म्हणजे तिचा लहानपणी वारलेला भाऊ.

शनिवार, १८ ऑक्टोबर

काल सकाळी साडेसहाला गेली.

अंघोळ घालायला चार बायका आल्या. मैनाबाई पुढे होती. पट्टी काढली तेव्हा दोघी मागे सरल्या, एकीनं पदर नाकाला लावला. मैनाबाई सरली नाही. ती जखमेकडे एकटक पाहत उभी राहिली, पाणी ओतायचं विसरली. मी तांब्या तिच्या हातातून घेतला.

नवी पांढरी साडी आणली होती. परकर कोणता घालायचा असं कुणीतरी विचारलं, आणि कुणीतरी पेटीतून एक काढूनही दिला. मी ज्या सातांचे नाडे काढले होते त्यांतला नव्हता तो. कुठं राहिला होता कोण जाणे. बायकांनी तो पायांतून वर घेतला आणि सवयीनं नाड्याची टोकं हातात धरून ओढली.

“बांधू नका,” मी म्हटलं.

“साडी कशी राहीन मग?”

“आता तिला कुठं चालायचं आहे.”

मी नाडा नेफ्यातून ओढून काढला. हळू निघाला, मधे अडकत अडकत. मग निऱ्या केल्या, पोटावर ठेवल्या, पदर डोक्यावरून घेतला. निऱ्या सारख्या आल्या.

बुधवार, २९ ऑक्टोबर

हे परवा उकव्याला गेले. घर फार मोठं वाटतं. कपाटातला माल खोक्यात भरत होते, एका दुकानदाराला सगळाच देऊन टाकायचा ठरवला आहे. पाटी काढायला स्टूल घेतलं होतं.

मैनाबाई आली. मला वाटलं, समाचाराला. बसली. मी चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाली. भाजीची टोपली दारातच ठेवली होती, कोथिंबीर उन्हात सुकत होती.

“गोदाबाईचं पाह्यलं त्या दिवशी,” ती म्हणाली. “तईपासून झोप नाही मले.”

“मलाही नाही, मैनाबाई.”

“तसं नाही.” ती उठली आणि स्वतःच दाराची कडी लावली. “मलेही आहे.”

क्षणभर मला वाटलं आपल्याला ऐकूच आलं नाही. माझे हात खोक्यात तसेच राहिले. मला नको होतं पाहायला. खरंच नको होतं. पुन्हा तो वास, तो कापूस, ते नागपूर. दुसऱ्या कुणाकडे जा असं ओठांवर आलं होतं. पण दुसरं कोण आहे, तेही सुचेना.

खिडकी उघडून तिला उजेडात उभं केलं. तिनं पदर बाजूला करून परकर सैल केला. डाव्या कमरेवर नाड्याच्या जुन्या वळात एक जखम, रुपयाएवढी. बोटानं दाबून पाहिलं. काठ कडक आहेत. एकीकडून थोडं पाणी येतं.

“केव्हापासून?”

“दीड वर्स झालं असन. हळद लावून राह्यली.” ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. “तेच आहे का, जोसनाबाई?”

“मला नाही समजत, मैनाबाई. डॉक्टरला समजते.”

“बरी होइन का मी?”

हो म्हणता आलं नाही. आत्यालाही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हो म्हटलं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि तिच्या जांघेत हात घालून गाठ लागते का पाहिलं. लागली नाही. पुन्हा पाहिलं. मला लागली नाही, पण मी काही डॉक्टर नाही.

जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवली आणि खोक्यातला एक सैल पट्ट्याचा परकर काढून तिला घातला. ती आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

“उद्या सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाऊ,” मी म्हटलं.

“उद्या? भाजी आणली न मी.”

“उद्याच.”

तिनं साडी नीट खोचली. मग कडी काढली, टोपली डोक्यावर घेतली आणि दारातून मागे वळून विचारलं, “वाटेत खाले भाकर बांधून घेऊ का?”

घे, म्हटलं. दोघींपुरती.